शक, यवन आणि सुरत्राण
परक्यांची ओळख जुन्या कथांतून

भाद्रपद शुद्ध चतुर्थीला आपल्यापैकी काही घरांत संवत्सरीचे प्रतिक्रमण होते, काही घरांत ते पंचमीला होते, आणि दिगंबर बांधवांच्या दशलक्षण पर्वाचा आरंभही पंचमीलाच होतो. पिशोरसारख्या बाजारगावात चतुर्थीला गणपतीच्या आगमनाची लगबग, दुसऱ्या दिवशी ऋषिपंचमी, आणि त्यातच एका पेढीचे दार आज बंद तर शेजारच्या पेढीचे उद्या. लहान मुले याचे कारण विचारतात तेव्हा ‘परंपरा’ एवढेच उत्तर देऊन आपण मोकळे होतो. वस्तुतः चतुर्थी आणि पंचमी यांतील या फरकामागे श्वेतांबर परंपरेने जपलेली एक कथा आहे. आणि ती कोठल्या दूरदेशीची नसून आपल्याच जिल्ह्यातील पैठणची आहे.

कथा अशी की, प्रतिष्ठान नगरीत, म्हणजे पैठणला, सातवाहन राजाच्या काळी आचार्य कालक चातुर्मासासाठी विराजमान होते. पंचमीला नगरात इंद्रोत्सव असे. राजाने विनविले, ‘पर्युषण षष्ठीला करावे, म्हणजे मलाही आराधना घडेल.’ आचार्य म्हणाले, पंचमीची रात्र ओलांडता येणार नाही. तेव्हा राजाने चतुर्थी सुचविली आणि आचार्यांनी ती मान्य केली. मर्यादा न मोडता सोय कशी करावी, याचा हा वस्तुपाठ होय, आणि व्यापाऱ्याला तो चटकन उमगतो.

परंतु याच कालकाचार्यांच्या नावावर दुसरी एक कथा आहे, पहिलीहून कितीतरी विलक्षण. परदेशी माणूस इतिहासात कसा रंगविला जातो, हा प्रश्न ज्याला पडला असेल त्याने ती अवश्य वाचावी.

उज्जयिनीचा राजा गर्दभिल्ल याने कालकाचार्यांची भगिनी साध्वी सरस्वती हिचे बलात्काराने हरण केले. संघाने विनविले, मंत्र्यांनी समजाविले, राजा बधला नाही. आचार्य काही दिवस वेड्याप्रमाणे नगरात बडबडत फिरले आणि मग सिंधूपलीकडे शककुलात गेले. तेथील सामंतांना ‘साही’ म्हणत आणि त्यांच्या अधिपतीला ‘साहानुसाही’. एके दिवशी साहीकडे अधिपतीचा दूत आला आणि त्याने एक सुरी पुढे ठेवली. साहीचा चेहरा उतरला. आपले मस्तक आपणच छेदून पाठवावे, असा त्या भेटीचा अर्थ होता; आणि सुरीवर ९६ हा आकडा कोरलेला होता, म्हणजे तसेच फर्मान ९६ साहींना गेले होते. आचार्य म्हणाले, ‘मरता कशाला? माझ्याबरोबर चला.’ ते सारे सिंधू ओलांडून सौराष्ट्रात उतरले. पावसाळा तेथेच गेला. खर्ची संपली तेव्हा आचार्यांनी चूर्ण टाकून विटांची भट्टी सोन्याची केली. पुढे उज्जयिनीला वेढा पडला. गर्दभिल्लापाशी गर्दभी विद्या होती. ती गाढवी रेकली की ऐकणारे शत्रू रक्त ओकून मरत. आचार्यांनी १०८ शब्दवेधी धनुर्धर निवडले, आणि गाढवीने तोंड उघडताच ते बाणांनी भरून टाकले. गर्दभिल्ल पकडला गेला, त्याला देशाबाहेर घालविण्यात आले, साध्वी सरस्वती प्रायश्चित्त घेऊन पुन्हा संघात आल्या, आणि शक राज्य करू लागले. पुढे विक्रमादित्याने त्यांचा उच्छेद केला, असे कथाकार सांगतात.

या कथेचे बीज निशीथचूर्णीत, म्हणजे सातव्या शतकाच्या सुमारास, मिळते. पुढे शतकानुशतके ती प्राकृतात, संस्कृतात, गद्यात, पद्यात पुनःपुन्हा लिहिली गेली. ती जशीच्या तशी इतिहास मानता येणार नाही. गर्दभिल्लाचा प्रसंग परंपरा वीरनिर्वाण ४५३ मध्ये घालते आणि चतुर्थीचा बदल ९९३ मध्ये. मध्ये ५४० वर्षांचे अंतर पडते. तेव्हा कालक नावाचे एकाहून अधिक आचार्य होऊन गेले आणि त्यांची चरित्रे एकमेकांत मिसळली, हे मानावेच लागते. तथापि कथेच्या पोटात एक अस्सल नाणे दडलेले आहे. ‘साहानुसाही’ हा शब्द कथाकाराच्या कल्पनेतून आलेला नाही. ‘राजांचा राजा’ या अर्थाची ही खरी इराणी पदवी असून कुषाणांच्या नाण्यांवर ती आहे, आणि समुद्रगुप्ताच्या प्रयाग येथील स्तंभलेखातही शाही, शाहानुशाही, शक यांचा उल्लेख आहे. राज्ये गेली, नाणी जमिनीत गेली, पण साधूंच्या मुखपरंपरेने परक्यांच्या पदवीचा उच्चार जवळजवळ अचूक सांभाळला.

आता या कथेच्या सचित्र पोथ्यांकडे वळू. चौदाव्या-पंधराव्या शतकांत गुजरातेतील आणि माळव्यातील श्रावकांनी कल्पसूत्राबरोबर कालककथेच्याही पोथ्या लिहवून घेतल्या आणि भांडारांना अर्पण केल्या. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातही अशा पोथ्या आहेत. त्यांतील भारतीय माणसे आपण ओळखतो: एका बाजूने काढलेला चेहरा, टोकदार नाक, आणि गालाबाहेर अधांतरी आलेला दुसरा डोळा. मात्र साही राजे तसे नाहीत. त्यांचा चेहरा पाऊण वळलेला, गोल. डोळे तिरपे, दाढी-मिशा निराळ्या, अंगात लांब झगा. दीड हजार वर्षांपूर्वीचे शक कसे दिसत, हे चित्रकाराला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. त्याच्या डोळ्यांसमोर होते ते आपल्या काळचे तुर्क आणि मंगोल, आणि त्या देशांतून व्यापारमार्गांनी आलेल्या चित्रांतील आकृती. त्याने आजच्या परक्याचा चेहरा कालच्या परक्याला दिला.

इतिहासकारांनी नेमके उलटे केले. त्यांनी कालच्या परक्याचे नाव आजच्या परक्याला दिले. जुनी खतावणी उघडावी, नव्या गिऱ्हाइकासाठी नवे पान न घालता जुन्याच खात्यावर नोंद करावी, तसा हा व्यवहार.

हे आपल्याकडेच घडले असेही नाही. युरोपातील मध्ययुगीन इतिहासकारांपाशी अशी जुनी खतावणी होती ती ग्रीकांच्या पुराणकथांची. त्यांच्याकडील व्यवहार पाहिला की आपला अधिक स्पष्ट दिसतो, म्हणून थोडे तिकडे जाऊ.

ख्रिस्तपूर्व पाचव्या शतकातील हेरोडोटस काळ्या समुद्राच्या उत्तरेकडील ‘स्किथियन’ या अश्वारोही लोकांची उत्पत्ती सांगताना ग्रीकांत प्रचलित असलेली कथा देतो. महाबली हेराक्लीस गाई हाकीत त्या थंड प्रदेशात पोहोचला. झोपेत असताना त्याच्या घोड्या नाहीशा झाल्या. शोधता शोधता एका गुहेत त्याला कमरेवर स्त्री आणि कमरेखाली सर्पिणी अशी एक व्यक्ती भेटली. तिच्यापासून त्याला तीन पुत्र झाले. जाताना तो धनुष्य ठेवून गेला: जो हे वाकवील त्याने येथे राज्य करावे, बाकीच्यांनी देश सोडावा. धाकट्या स्किथीसने ते वाकविले, आणि त्याचा वंश म्हणजे स्किथियन. सीतास्वयंवर ऐकत वाढलेल्या आपल्यासारख्यांना या धनुष्याचे नवल वाटणार नाही. कथेतील खुबी दुसरीकडे आहे. परका समाज असा उभा केला आहे की त्याचे पितृत्व ग्रीक वीराकडे जाते आणि त्याचे रानटीपण सर्पिणी मातेकडे.

याच हेरोडोटसने सांगून ठेवले आहे की इराणी लोक साऱ्या स्किथियनांना ‘सक’ म्हणतात. तेच आपले शक.

पुढे हजार वर्षांनी ग्रीक देव गेले, ख्रिस्ती धर्म आला. पण कथा टिकल्या. इ.स. ५५१ च्या सुमारास कॉन्स्टँटिनोपलमध्ये जॉर्डानीस याने गॉथ लोकांचा इतिहास लिहिला, तेव्हा ग्रीक कथांतील शस्त्रधारी ॲमेझॉन स्त्रिया त्याने गॉथांच्याच बायका ठरविल्या. पुरुष मोहिमेवर गेलेले, शत्रू चालून आला, स्त्रियांनी शस्त्र उचलले, अशी त्याची मांडणी. कालपर्यंत ज्यांना रानटी म्हटले, त्यांना एका फटक्यात होमरकालीन वंशावळ मिळाली. उलट अकराव्या शतकात ब्रेमेनच्या ॲडम या धर्मगुरूने बाल्टिक समुद्राच्या काठी ॲमेझॉन वसविल्या आणि त्यांना होणारे मुलगे श्वानमुखी असतात असे गंभीरपणे लिहून ठेवले. तेथे अजून ख्रिस्ती धर्म पोहोचलेला नव्हता. म्हणजे कथा एकच. एकाने तिने परक्याला सन्मान दिला, दुसऱ्याने त्याला माणसातून उठविले.

बायझंटाइन राज्यातील विद्वानांना समकालीन लोकांची खरी नावे लिहिणे गावंढळपणाचे वाटे. बाराव्या शतकात राजकन्या ॲना कोम्नीनी हिने आपल्या पित्याचे चरित्र लिहिले. त्यात उत्तरेकडून चालून येणारे पेचेनेग हे ‘स्किथियन’ आहेत. इतर लेखकांनी तुर्कांना बहुधा ‘पर्शियन’ म्हटले, आणि मंगोलांनाही ‘स्किथियन’. पंधराव्या शतकात तर मोठा वाद माजला. तुर्क हे ट्रॉयच्या लोकांचे वंशज आहेत, असे काही इटालियन पंडित म्हणू लागले होते. लॅटिनमधील दोन नावांचे उच्चारसाम्य एवढाच आधार. या हिशोबाने कॉन्स्टँटिनोपल जिंकणे म्हणजे ग्रीकांनी ट्रॉय जाळल्याचा न्याय्य सूड! क्रितोबुलोस हा ग्रीक इतिहासकार लिहितो की सुलतान दुसरा महंमद १४६२ मध्ये ट्रॉयच्या अवशेषांपाशी गेला आणि त्या सूडाची भाषा बोलला. हे रोमच्या धर्मपीठाला परवडणारे नव्हते, कारण रोमन लोक स्वतःच स्वतःला ट्रॉयचे वंशज म्हणवीत. म्हणून पुढे पोप दुसरा पायस म्हणून ओळखले गेलेले विद्वान हट्टाने सांगत राहिले: तुर्क ट्रॉयचे नव्हेत, ते स्किथियन, रानटी. शत्रूला कोणत्या पुराणात बसवावयाचे यावर युद्धाचा न्याय ठरत होता.

आता पुन्हा आपल्याकडे येऊ. दिल्लीजवळ पालम येथे एका विहिरीच्या बांधकामाचा इ.स. १२७६ चा संस्कृत शिलालेख सापडला आहे. उद्धर नावाच्या गृहस्थाने ती विहीर बांधविली. लेखात दिल्लीच्या राजांची परंपरा दिली आहे: प्रथम तोमर, मग चौहान, आणि आता ‘शक’ राजे. हे शक म्हणजे दिल्लीचे सुलतान. जे नाव बायझंटाइन पंडित आपल्या वेशीवर आलेल्या लोकांना देत होते, तेच, त्याच मुळाचे नाव हजारो कोस दूर दिल्लीचा संस्कृत पंडित आपल्या राज्यकर्त्यांना देत होता. दोघांची गाठ पडलेली नव्हती. दोघांपाशी एकाच प्राचीन अश्वारोही लोकसमूहाची जुनी आठवण होती, आणि मध्य आशियातून घोड्यावर बसून जो येईल तो त्या आठवणीत बसत होता.

‘यवन’ शब्दाचा प्रवास याहून मोठा. आशिया मायनरच्या किनाऱ्यावरील आयोनियन ग्रीकांना इराणी ‘यौन’ म्हणत. त्यावरून अशोकाच्या लेखांतील ‘योन’ आणि संस्कृतातील ‘यवन’. आपल्या भागाशी त्यांचा पहिला संबंध तलवारीचा दिसत नाही. पहिल्या शतकातील एक ग्रीक व्यापारी नोंदपुस्तक सांगते की पैठण हे भडोच बंदरापासून २० दिवसांच्या वाटेवर असून तेथून गोमेदासारखे मौल्यवान दगड गाड्यांवर घालून बंदराकडे जातात. कन्नड तालुक्यातील पितळखोऱ्याच्या बौद्ध लेण्यात पैठणच्या मित्रदेव नामक गंधिकाच्या कुळाने स्तंभ दिल्याचा प्राचीन लेख आहे. गंधिक म्हणजे सुगंधी द्रव्यांचा व्यापारी. आपल्यातील ‘गांधी’ आडनावाचे मूळ हेच. अशाच दानलेखांत नाशिक, कार्ले आणि जुन्नर येथे दाते म्हणून यवनांची नावे येतात. नाशिकला तर इंद्राग्निदत्त असे शुद्ध भारतीय नाव धारण केलेला उत्तरेकडील यवन लेणे कोरवून घेतो. म्हणजे सह्याद्रीच्या कातळावर यवन दिसतो तो दानशूर म्हणून.

ग्रंथांतील यवन निराळा आहे. वैदिक पुराणांनी परक्यांची उत्पत्ती सांगताना ग्रीकांसारख्याच कथा रचल्या. वसिष्ठांच्या धेनूच्या हंबरण्यातून पल्हव, शक, यवन निघाले. किंवा सगर राजाने त्यांना जिंकून शिक्षा म्हणून यवनांचे मस्तक पूर्ण मुंडविले, शकांचे अर्धे, आणि पल्हवांना दाढी राखावयास लावली. दुसऱ्याची केशभूषा वेगळी दिसली की तिला आपल्याच राजाने केलेली शिक्षा ठरवून मोकळे व्हायचे! पुढे ग्रीक विस्मृतीत गेले, शब्द मात्र रिकामा राहिला नाही. तो अरबांना लागला, तुर्कांना लागला, आणि मराठी बखरींपर्यंत मुसलमान या अर्थी चालत आला.

जैन ग्रंथकारांनाही वारशाने एक चौकट मिळाली होती. भरतक्षेत्राचे सहा खंड: एक आर्यखंड, पाच म्लेच्छखंड. वेरूळची आपली लेणी ज्या राष्ट्रकूट काळात कोरली गेली, त्याच नवव्या शतकात आचार्य जिनसेनांनी आदिपुराण रचले. त्यात भरत चक्रवर्तीच्या दिग्विजयात चिलात आणि आवर्त हे म्लेच्छ राजे नागदेवतांना आवाहन करून सात दिवस अखंड पाऊस पाडवितात. चक्रवर्तीची सेना चर्मरत्न आणि छत्ररत्न यांच्यामध्ये सुरक्षित राहते आणि शेवटी ते राजे शरण येतात. चौकट आहे, विजय आहे. परंतु परका येथे पराभूत होऊन राज्यव्यवस्थेत सामावतो, त्याचा निर्वंश होत नाही.

तेराव्या शतकाच्या अखेरीपासून गुजरात, माळवा, देवगिरी एकामागून एक दिल्लीच्या ताब्यात गेली आणि जैन आचार्यांना प्रत्यक्ष घडणारा इतिहास लिहावा लागला. या वेळी त्यांनी जुन्या कथांचा जो उपयोग केला, तो मला युरोपियनांच्या उपयोगाहून निराळा वाटतो, आणि या लेखाचे खरे प्रयोजन तेच आहे.

मेरुतुंगाचार्यांचे ‘प्रबंधचिंतामणि’ विक्रम संवत १३६१ मध्ये, म्हणजे इ.स. १३०५ च्या सुमारास, वढवाणला पूर्ण झाले. त्यात वलभी नगरीचा नाश कसा झाला ते सांगितले आहे. वलभीत रंक नावाचा व्यापारी होता. सिद्धरस हाती लागून तो अपार श्रीमंत झाला. त्याच्या मुलीची रत्नजडित फणी राजकन्येला आवडली. मागून मिळेना, तेव्हा शिलादित्य राजाने ती बळाने घेतली. अपमानित रंक म्लेच्छांच्या देशात गेला, सोने ओतले आणि त्यांचे सैन्य वलभीवर आणले. एका फणीपायी राजधानी बुडाली. मेरुतुंगांनी व्यापाऱ्यालाही सोडलेले नाही. त्याने ते धन ना तीर्थाला लावले ना सत्पात्री दिले, म्हणून त्याची लक्ष्मी सर्वांना काळरात्र ठरली, असा त्यांचा अभिप्राय आहे.

ही कथा कालककथेशेजारी ठेवून पाहावी. एकीत राजा साध्वीला पळवितो, दुसरीत राजा व्यापाऱ्याची वस्तू हिसकावितो. दोन्हींत न्याय मागूनही मिळत नाही. दोन्हींत दुखावलेला माणूस सीमेपलीकडे जातो. आणि दोन्हींत परके सैन्य येते ते कोणीतरी बोलाविले म्हणून. परका स्वतःहून दुष्ट आहे की नाही, याची चौकशी कथाकार फारशी करीत नाहीत. चौकशी होते ती घरच्या राजाची. ग्रीक कथा विचारीत होती, हा परका कोणाच्या पोटचा? जैन कथा विचारते, त्याला दार कोणी उघडले?

नयचंद्रसूरींचे ‘हम्मीरमहाकाव्य’ यापुढचे पाऊल आहे. पंधराव्या शतकाच्या आरंभीचा हा ग्रंथ. विषय रणथंभोरचा हम्मीर चौहान आणि अलाउद्दीन खिलजी यांचे युद्ध, जे १३०१ मध्ये किल्ला पडून संपले. सूरी तुर्कांना ‘शक’च म्हणतात. परंतु त्यांच्या काव्यात किल्ला बुडवितात ते रतिपाल आणि रणमल्ल हे हम्मीराचेच सेनानी; आणि अखेरपर्यंत निष्ठेने लढून पडतो तो महिमासाही, हम्मीराच्या आश्रयाला आलेला मंगोल. खाते जुने, नाव जुने, पण जमा-खर्च माणसागणिक वेगळा मांडलेला.

शब्दांच्या पातळीवरही असेच काही घडले. अरबी ‘अमीर’ याचे ‘हम्मीर’ झाले, आणि तेच नाव रजपूत राजांनी अभिमानाने आपल्या मुलांना दिले. ‘सुलतान’ याचे संस्कृतात ‘सुरत्राण’ झाले; सुर म्हणजे देव, त्राण म्हणजे रक्षण. मूर्तिभंजक म्हणून ज्यांची ख्याती, त्यांना देवांचा रक्षक म्हणणे यात खुशामत किती आणि उपरोध किती, हे आज सांगता येत नाही. थोडी अपेक्षाही असावी. राणकपूरला आपण यात्रेला जातो. तेथील मंदिराच्या १४३९ च्या शिलालेखात राणा कुंभाला ‘हिंदुसुरत्राण’ हे बिरुद आहे. परक्याची पदवी दीडशे वर्षांत घरची झाली.

एवढ्यावरून या लेखकांना आजच्या अर्थाने उदारमतवादी ठरविण्याची घाई मी करणार नाही. ‘म्लेच्छ’ शब्द ते मुक्तपणे वापरतात. विध्वंस ते लपवीत नाहीत. शत्रुंजयावरील मूळ बिंब संवत १३६९ मध्ये म्लेच्छांनी भंगिले, हे आचार्य जिनप्रभसूरी वर्षासह नोंदवितात. त्याचे कारण मात्र ते कलिकाळात शोधतात, तर अन्यत्र तीर्थाच्या अधिष्ठायक देवतांच्या प्रमादात. आणि लगेच पुढची नोंद करतात: संवत १३७१ मध्ये पाटणच्या समराशाहांनी जीर्णोद्धार केला. समराशाहांनी यासाठी गुजरातचा सुभेदार अल्पखान याची परवानगी मिळविली होती, आणि त्या जीर्णोद्धाराचा इतिहास लिहिणाऱ्या कक्कसूरींनी अल्पखानाविषयी चांगलेच लिहिले आहे. आता या चांगल्या बोलण्यात सुभेदाराच्या मेहेरबानीची गरज नव्हती काय? होती. ज्यांच्या पेढ्या, काफिले आणि मंदिरे राज्यकर्त्याच्या एका फर्मानावर उभी, त्यांचे आचार्य शब्द तोलूनच वापरणार. शिवाय घरच्या राजाला दोष देण्याच्या या पद्धतीत एक मोठी उणीव राहते. उज्जयिनीचा वेढा उठल्यावर, वलभी जळाल्यावर तेथील सामान्य प्रजेचे काय झाले, ज्यांनी ना साध्वी पळविली ना फणी हिसकावली, त्यांच्याविषयी हे ग्रंथ मौन पाळतात. कालकाचार्यांनी सैन्य आणले ते योग्य की अयोग्य, हा प्रश्नही कथा आचार्यांच्या प्रायश्चित्तावर सोपवून पुढे जाते. अहिंसेचे व्रत घेतलेल्याला तो इतक्या सहज सोडून देता येऊ नये.

जिनप्रभसूरींचा तर आपल्या जिल्ह्याशी प्रत्यक्ष संबंध आला. महंमद तुघलकाची आणि त्यांची दिल्लीत १३२८ मध्ये भेट झाली. सुलतानाने त्यांना जवळ बसविले, अर्धी रात्र धर्मचर्चा केली, गाई, द्रव्य, वस्त्रे देऊ केली. साधूला हे कल्पत नाही म्हणून आचार्यांनी नाकारले. परंतु राजाचे मन मोडू नये म्हणून काही कांबळी तेवढी ठेवून घेतली. तीर्थांच्या रक्षणाची फर्माने मात्र त्यांनी मागून घेतली. तुघलकाबादेत पडून असलेली महावीरांची एक प्रतिमाही त्यांनी सोडवून आणली. नंतर ते दक्षिणेकडे विहार करीत देवगिरीला आले, जेथे सुलतानाने नुकतीच आपली राजधानी हलविली होती आणि दौलताबाद असे नाव दिले होते.

देवगिरीत त्या वेळी जैन व्यापाऱ्यांची मोठी वस्ती असली पाहिजे. समराशाहांचे बंधू सहजपाल व्यापारासाठी तेथेच स्थायिक झाले होते. पेथड, सहजा, अचल या श्रावकांनी बांधविलेल्या चैत्यांवर तुर्क सैनिकांचे संकट आले, तेव्हा आचार्यांनी शाही फर्मान दाखवून ती वाचविली. फर्मान त्याच सुलतानाचे, सैनिकही त्याच सुलतानाचे. हा विरोधाभास ग्रंथात कोठे स्पष्ट केलेला नाही; तो जसा घडला तसा लिहिला आहे. एका बाजूला मोडणारे तुर्क, दुसऱ्या बाजूला फर्मान देणारा हम्मीर महंमद, आणि दोघांसाठी एकच शब्द न वापरण्याची दक्षता.

देवगिरीतील तीन वर्षांच्या वास्तव्यात आचार्य संघासह पैठणलाही गेले. तेथे मुनिसुव्रतस्वामींच्या प्राचीन प्रतिमेचे त्यांनी दर्शन घेतले आणि प्रतिष्ठान नगरीच्या जुन्या कथा, सातवाहनाच्या आणि चतुर्थीच्याही, आपल्या ग्रंथात घेतल्या. गावोगावच्या तीर्थांची माहिती जमवीत त्यांनी रचलेला हा ग्रंथ म्हणजे ‘विविधतीर्थकल्प’. तो संवत १३८९ मध्ये दिल्लीत पूर्ण झाला. समाप्तीच्या श्लोकांत त्यांनी नगराचे नाव दिले आहे, राज्य करणाऱ्या हम्मीर महंमदाचे नाव दिले आहे, आणि महिना दिला आहे तो भाद्रपद.